जुना कॉम्प्युटर, तापलेली खोली आणि अडखळणारा खेळ

सकाळी नीट चालणारा खेळ दुपारी दोनच्या सुमारास अडखळू लागतो. गाडी वळणावर थबकते, समोरचा खेळाडू एका जागेवरून गायब होऊन दुसऱ्याच जागी उगवतो. रात्री दहा-अकरानंतर मात्र तोच खेळ, त्याच कॉम्प्युटरवर, पुन्हा सुरळीत होतो. बिलोलीसारख्या गावात एप्रिल-मे महिन्यांत जुना कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दुकानात विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : मशीन जुने झाले, आता नवे घ्या. पण रात्री धावणारे मशीन दुपारीच कसे म्हातारे होते, हे कोणी सांगत नाही. खरी मेख तिथेच आहे.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला, मांजरा नदी आणि तेलंगणाची सीमा यांना लागून असलेला हा तालुका. इथल्या घरांची गणिते सोयाबीन आणि कापसावर बेतलेली. २०२५च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने नांदेड जिल्ह्यात हाताशी आलेली पिके गेली. अशा वर्षी अकरावी-बारावीतल्या मुलाने ‘गेमिंग पीसी’साठी पन्नास-साठ हजार मागितले की घरात काय होते, हे सांगायला नको. वडील म्हणतात, आहे तोच वापर. मुलगा म्हणतो, त्यावर काहीच चालत नाही. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते.

त्यातून हा कॉम्प्युटर एकट्या मुलाचा नसतो. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटर शिकवणारी केंद्रे उभी राहिली. पुढे घरोघरी यंत्रे आली, ती बहुतेक शिक्षणाच्या नावाने. आज त्याच यंत्रावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, दुकानाचा हिशेब ठेवला जातो, बहिणीची ऑनलाइन चाचणी होते. खेळासाठी केलेली उलटीसुलटी दुरुस्ती अंगाशी आली तर हे सगळेच बंद पडते. म्हणून खर्च करण्याआधी नेमके अडते कुठे, ते पाहणे शहाणपणाचे.

सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. त्यातल्या प्रत्येकाला फ्रेम म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद. तीस फ्रेमवर भागत असेल तर ३३.३. एवढ्या वेळात प्रोसेसरने कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, याचा हिशेब करायचा आणि ग्राफिक्सच्या भागाने त्याचे चित्र रंगवायचे. दोघांपैकी एकाला जरी उशीर झाला तरी ती फ्रेम चुकते.

डोळ्यांना खटकते ती या वेळेतली अनियमितता. सेकंदाला चाळीस फ्रेम एकसारख्या अंतराने आल्या तर खेळ बरा वाटतो. सरासरी साठ असूनही मधेच एखादी फ्रेम दोनशे मिलिसेकंद रखडली तर तोच खेळ असह्य होतो. जाहिरातींत आणि दुकानांत बोलबाला असतो तो सरासरीचा. जुन्या यंत्राचे दुखणे मात्र बहुतेक वेळा या मधल्या झटक्यांत असते, आणि सुदैवाने झटक्यांवरचे उपाय स्वस्त आहेत.

उदाहरणासाठी एक नेहमीचे यंत्र घेऊ. एखाद्या कंपनीच्या कार्यालयातून निघालेला, २०१३-१४च्या काळातला डेस्कटॉप. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅमची एक पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्याच पोटात असलेल्या ग्राफिक्सवर काम चालते. अशी यंत्रे नांदेडच्या बाजारात, सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. बिलोलीच्या माणसाला या व्यवहारात पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद-सिकंदराबाद जवळ पडते.

आधी ताप उतरवा

दुपारी मंदावणाऱ्या यंत्राचे कारण साधे आहे. प्रोसेसर वीज खातो आणि जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो. ती उष्णता धातूच्या हीटसिंकमध्ये जाते आणि पंखा ती खोलीतल्या हवेला देतो. यात एक सोपा नियम आहे : काम तेवढेच आणि पंख्याचा वेग तोच असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच गरम राहतो. खोली २५ अंशांवर असताना तो ७८ अंशांवर असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत तो ९५च्या आसपास जाणार. पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा आणखी चढतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरना साधारण शंभर अंशांची लक्ष्मणरेषा आखून दिलेली असते. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. बिघाड झालेला नसतो. यंत्र भर उन्हात सावली शोधणाऱ्या शहाण्या माणसासारखे वागत असते.

हे खरोखर होते आहे का, ते फुकट तपासता येते. तापमान दाखवणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर सुरू ठेवून वीस मिनिटे खेळायचे. आकडा ९० च्या पुढे गेला आणि त्याच वेळी प्रोसेसरचा वेग घसरला, तर रोग सापडला. आकडा सत्तरीतच असेल तर पेस्टवर पैसे घालवू नयेत, दुखणे दुसरीकडे आहे.

पहिला संशयित धूळ. या भागातली काळी माती चिकण असते. तिचे कण अतिशय बारीक, आणि ओलावा मिळाला की फुगणारे. उन्हाळ्यात ही भुकटी हवेबरोबर यंत्रात शिरते, पावसाळ्यात दमट हवेने हीटसिंकच्या पात्यांवर तिचा लेप बसतो. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यात तंतूंची भर पडते. दोन-तीन वर्षे न उघडलेल्या यंत्रात पंख्याखाली नमद्यासारखा थर निघतो. त्यातून हवा जाणार कशी?

सफाई घरी होऊ शकते, पण बेताने. वायर भिंतीतून काढायची, यंत्राचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जिरवायची, मग पेटी उघडायची. रंगकामाचा मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरतो. झटकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वाऱ्याने भलत्या वेगाने फिरून खराब होऊ शकते. गॅरेजमधल्या टायरच्या हवेने यंत्र साफ करण्याची एक पद्धत गावोगाव दिसते. ती टाळलेली बरी. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे तुषार असतात, आणि दाबही जास्त. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची बंद पेटी, मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाबाची वीज शिल्लक राहू शकते.

दुसरा संशयित थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि हीटसिंक वरून कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्या असतात, आणि त्या दऱ्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. तिची वाहकता सुमारे ०.०२६, साध्या पेस्टची एकाच्या वर, चांगल्या पेस्टची त्याच्या कित्येक पट, आणि तांब्याची चारशेच्या घरात. पेस्टचे काम फक्त त्या फटी भरण्याचे. दहा वर्षांत ती वाळून खडूसारखी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाटाण्याएवढा नवा ठिपका मधोमध ठेवून हीटसिंक पुन्हा घट्ट बसवला की काम झाले. काही शे रुपयांचा हा खर्च. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा, असे नसते. जाड थर उलट अडथळाच होतो.

कूलरचे काय? मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलरशिवाय निभत नाही, आणि खोली थंड झाली की यंत्रही थंड राहते. पण कूलरचा झोत थेट यंत्रावर नको. त्या झोतातून पाण्याचे बारीक थेंब येतात, बोअरच्या जड पाण्याबरोबर क्षारही येतात, आणि आत बसलेल्या धुळीचा चिखल होतो. यंत्र कूलरच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवले तरी फरक पडतो.

फुकटातला सगळ्यात मोठा फायदा

१९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर यंत्राला दर फ्रेमला २० लाख ७३ हजार ६०० ठिपके रंगवावे लागतात. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन तेच १२८० बाय ७२० केले की उरतात ९ लाख २१ हजार ६००. कामाचा बोजा निम्म्याहून खाली येतो. एक रुपयाही खर्च न करता याहून मोठी सुधारणा दुसरी नाही. चित्र थोडे धूसर होते, हे खरे. १६०० बाय ९०० हा मधला मार्ग अनेकांना मानवतो.

त्यानंतर सावल्या. खेळातली सावली म्हणजे दिव्याच्या जागेवरून सगळा देखावा आणखी एकदा रंगवण्यासारखे काम असते. सावल्या किमान ठेवल्या की बराच श्वास मोकळा होतो. प्रतिबिंबे, धुके, गवताची दाटी हेही त्याच माळेतले. पृष्ठभागाच्या नक्षीचा दर्जा, ज्याला टेक्स्चर म्हणतात, तो मात्र मेमरी पुरेशी असेल तर कमी करायची फारशी गरज नसते. सगळे काही ‘लो’वर ढकलून चित्राची रया घालवण्यापेक्षा या दोन-तीन गोष्टी निवडून कमी कराव्यात.

एएमडीने २०२१च्या जूनमध्ये आणलेले एफएसआर हे तंत्रही जुन्या यंत्रांच्या कामाचे. खेळ कमी ठिपक्यांत रंगवायचा आणि मग गणिताने कडा धारदार करत मोठा करायचा. विशेष म्हणजे त्याला एएमडीचेच कार्ड लागत नाही, प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डांवरही ते चालते. ज्या खेळाच्या सेटिंगमध्ये ते नाव दिसेल, तिथे वापरून पाहावे.

आणखी एक उपाय मुलांना पटत नाही, कारण तो वेग कमी करणारा वाटतो. फ्रेमवर मर्यादा घालणे. यंत्र कधी सत्तर, कधी पस्तीस अशी उडी मारत असेल तर चाळीसची मर्यादा घालावी. एकसारखेपणा येतो, यंत्र कमी तापते, आणि दुपारचे मंदावणेही लांबते. हीच गोष्ट लॅपटॉपला तर जास्तच लागू.

एक पट्टी आणि दोन पट्ट्या

पैसे खर्चायचेच झाले तर पहिले कुठे? प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या यंत्रात उत्तर स्पष्ट आहे : रॅम.

अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ती यंत्राच्याच रॅममधून उसनी घेते. तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच नळावर भांडी घेऊन उभे असतात. डीडीआर-३ जातीच्या १६०० वेगाच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती पुरवते. दोन सारख्या पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की मदरबोर्ड दोन्हीकडून एकाच वेळी माहिती खेचतो आणि ती मर्यादा २५.६ जीबीवर जाते. ८ जीबीची एक पट्टी आणि ४-४च्या दोन पट्ट्या यांत एकूण मेमरी तेवढीच, पण खेळात दोन पट्ट्यांचा फायदा ठळक दिसतो. हा फरक दुकानदाराने आपणहून सांगितला नाही तर विचारून घ्यावा.

थोड्या साधनांना एकत्र जुंपण्याची ही युक्ती महाराष्ट्राला अनोळखी नाही. अमेरिकेने ऐंशीच्या दशकात क्रे महासंगणक देताना हात आखडता घेतला. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात एक अवाढव्य प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे बरेच छोटे प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावलेले होते. घरातल्या दोन पट्ट्यांचा मामला त्यापुढे अगदीच किरकोळ, पण तत्त्व त्याच कुळातले.

भावाबद्दल सावध राहावे. २०२५च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की नव्या जातीच्या रॅमचे दर कुठल्या कुठे गेले. जुन्या यंत्रातली डीडीआर-३ मात्र कार्यालयांतून निघालेल्या मालात सुटी मिळते आणि ती चालते. रॅम ही तशी दीर्घायुषी वस्तू, म्हणून सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. फक्त जात, वेग आणि डेस्कटॉपची की लॅपटॉपची, हे पाहून घ्यावे. डीडीआर-३ची पट्टी डीडीआर-४च्या खाचेत बसत नाही, आणि जोर लावला तर खाच तुटते.

एक फेरी, एक फ्रेम

आता हार्ड डिस्ककडे येऊ. एसएसडी बसवली की फ्रेम वाढतात, असे अनेक दुकानांत ठोकून सांगितले जाते. ते तसे खरे नाही. चित्र रंगवण्याचे काम एसएसडी करत नाही. तरीही जुन्या यंत्रात तिचा उपयोग होतो, आणि तो का होतो हे पाहण्यासारखे आहे.

साध्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंदांहून थोडे जास्त. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, आणि सुई योग्य वर्तुळावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद. बेरीज पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास जाते. आता वरचा १६.७चा आकडा आठवा. तबकडीकडे मारलेली एकच फेरी जवळजवळ एक अख्खी फ्रेम खाते.

रॅम पुरेशी असेल तर या फेऱ्या पडद्यामागे होतात, खेळणाऱ्याला कळतही नाही. पण ४ जीबीच्या यंत्रात विंडोज, ब्राउझर आणि खेळ मिळून मेमरी भरली की विंडोज काही मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. मग एकेका क्षणी अशा दहा-वीस फेऱ्या होतात. ते दोनशे मिलिसेकंदांचे झटके बहुतेक वेळा इथून आलेले असतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, तिला याच कामाला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणून झटके विरतात, खेळ लवकर उघडतो, आणि यंत्र सुरू व्हायला लागणारी पाच मिनिटे अर्ध्या-पाऊण मिनिटावर येतात. घरातल्या खेळ न खेळणाऱ्यांना हाच फायदा जास्त जाणवतो. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी पुरे. दहा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डवर महागडी वेगवान एसएसडी घेण्यात अर्थ नाही, तिचा वेग वाहून नेणारा रस्ताच तिथे नसतो.

यात क्रम महत्त्वाचा. आधी रॅम, मग एसएसडी. रॅम कमीच ठेवून एसएसडी घातली तर तिच्यावर सतत लिहिणे होऊन तीच झिजते.

ग्राफिक्स कार्डाचा मोह

इथपर्यंतचा खर्च साधारणपणे चार आकड्यांत राहतो. ग्राफिक्स कार्डापासून खरा धोका सुरू होतो.

इथिरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपली पद्धत बदलली आणि कार्डे राबवून ते चलन कमावण्याचा धंदा एका दिवसात बसला. रात्रंदिवस तापवलेली कार्डे जगभर सेकंडहँड बाजारात आली. त्यातली सगळी वाईट नसतात, पण पंखे झिजलेले आणि पेस्ट वाळलेली असते. त्याहून वाईट फसवणूक वेगळी. एखाद्या फार जुन्या कार्डातले आतले सॉफ्टवेअर बदलून ते नव्या कार्डाचे नाव सांगते. विंडोजलाही ते नाव खरे वाटते. जीपीयू-झेड नावाचे मोफत सॉफ्टवेअर अशी बनावट कार्डे बऱ्याचदा ओळखते. विकणाऱ्याच्या समोर यंत्रात बसवून, ते सॉफ्टवेअर लावून, अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘चालू आहे, फक्त चेक करायला वेळ नाही’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

कार्यालयीन यंत्रात दुसरी अडचण विजेची. त्यातला एसएमपीएस कमी शक्तीचा आणि अनेकदा कंपनीच्या खास आकाराचा असतो. मदरबोर्डवरची कार्डाची खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्यात भागणारी, वेगळी वायर न लागणारी कार्डे मोजकी. एनव्हिडियाचे २०१४चे जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटचे, २०१६चे १०५० टीआय ७५ वॅटचे. ही नावे अजून बाजारात फिरतात ती यामुळेच. पण या पिढ्यांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहे. यापुढे केवळ सुरक्षेच्या सुधारणा, त्याही ऑक्टोबर २०२८पर्यंत. तेव्हा जुने खेळ खेळायचे असतील तरच यावर पैसे घालावेत, आणि कमीच घालावेत.

मोठे कार्ड घ्यायचे म्हणून स्वस्तातला, वजनाला हलका, नावगाव नसलेला एसएमपीएस लावणे हा तर निव्वळ जुगार. लेबलवर पाचशे वॅट लिहिलेले असते, आतले सुटे भाग त्याच्या निम्म्याचेही नसतात. तो गेला तर कधी कधी मदरबोर्ड, डिस्क आणि कार्ड घेऊन जातो. गावात विजेचा दाब वरखाली होतो, अर्थिंग अनेक घरांत नावालाच असते. खेळावर पाच हजार घालवण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे जास्त फायद्याचे.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा प्रकार इथे हमखास होतो. पाच-सहा हजारांच्या यंत्रात बारा हजारांचे कार्ड घातले की प्रोसेसर मागे पडतो आणि कार्ड निम्मे रिकामे बसते. यंत्राच्या आजच्या किमतीपेक्षा सुधारणेचा खर्च जास्त होऊ लागला की थांबावे.

विंडोजचा प्रश्न

विंडोज १०चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळवता येतात. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणातले यंत्र बाद. आडवाटेने ११ बसवून देणारे भेटतात, पण व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट तपासतो आणि नसेल तर उघडतच नाही.

लिनक्स हा पर्याय पूर्वी खेळाडूंच्या कामाचा नव्हता. २०१८ साली स्टीमने प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे बरेच खेळ लिनक्सवर चालतात, आणि जुन्या यंत्राला लिनक्स हलके पडते. एकट्याने खेळायच्या जुन्या खेळांसाठी तो उत्तम. व्हॅलोरंट मात्र तिथे चालत नाही. मुलाला नेमका कोणता खेळ खेळायचा आहे, हे विचारल्याशिवाय या बाबतीत सल्ला देणे फोल.

‘गेम बूस्टर’, ‘रॅम क्लीनर’ अशा नावांची सॉफ्टवेअर घेऊ नयेत. ती स्वतःच मेमरी खातात. सुरू होताना आपोआप उघडणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरमधून बंद केले आणि खेळताना ब्राउझर मिटवला, तर त्यांनी जे करायचे ते फुकट झाले. चोरीच्या खेळांबरोबर येणारा धोका त्याहून गंभीर. क्रॅक केलेल्या फाइली चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि मग आत आलेले एखादे छुपे सॉफ्टवेअर यंत्राची ताकद दुसऱ्याच कुणासाठी राबवते. यंत्र विनाकारण तापते आणि मंदावते ते यामुळेही. घरातल्या त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार होत असतील तर पुढचे सांगायला नको.

खेळणाऱ्याचे अंग

यंत्राच्या तापाबरोबर माणसाच्या तापाचाही विचार करावा लागतो. लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवला की त्याची हवा खालून कोंडते. मांडीवर घेऊन तासन् तास खेळले तर सततच्या मंद उष्णतेने मांडीच्या त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग उठतात. वैद्यकशास्त्रात ही नोंदलेली अवस्था आहे, पूर्वी शेगडीजवळ बसणाऱ्यांत दिसायची. डाग बहुधा उष्णता थांबली की हळूहळू फिके होतात, पण वर्षानुवर्षे चालू राहिले तर त्वचेला कायमचा अपाय होऊ शकतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगून खालचे झाकण वर आले असेल तर तो चार्जिंगला लावू नये, टोचून-दाबून पाहू नये. ती बदलणे हा सुधारणेतला पहिला खर्च समजावा.

पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या मिटण्याचे प्रमाण घटते आणि डोळे कोरडे पडतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत, वर पंखा, हे लवकर होते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सोपा सल्ला इथेही चालतो. खेळाचे वेड आणि आजार यांतली रेघ जागतिक आरोग्य संघटनेने आखली आहे. १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याआधी खेळ येणे, नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणे, आणि हे साधारण वर्षभर टिकणे, अशी त्याची लक्षणे. सुटीत चार तास खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ते नाव चिकटवणे चूक. झोप, जेवण आणि शाळा बाजूला पडत असतील तर मात्र यंत्राऐवजी डॉक्टरांकडे जावे.

सुधारणा झाल्यावर उरलेल्या वस्तूंचे काय करायचे, हे आधीच ठरवलेले बरे. काढलेली हार्ड डिस्क चांगली असेल तर दोन-तीनशे रुपयांच्या डबीत घालून बाहेरून जोडता येते. सातबारा, गुणपत्रिका, घरातले फोटो यांची दुसरी प्रत तिच्यावर राहते. निकामी झालेली मात्र भंगारवाल्याकडे देऊ नये. तो तांब्यासाठी वायरी जाळतो आणि त्या धुरात विषारी वायू असतात. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि त्यानुसार जुन्या वस्तूंची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नांदेडला फेरी होईल तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून ती तिथे द्यावी. देण्याआधी डिस्कवरची माहिती पुसून घ्यावी, कारण ‘डिलीट’ केलेला मजकूर पुन्हा वाचता येतो.